दत्तात्रय के. एस., २००९

या दिवाळीत मी फराळाचं काही केलं नाही. चिवडा बाहेरून आणला, चकल्या जाऊबाईंनी पाठवल्या आणि मी सहा दिवस त्रेसष्ट संदर्भांमधले स्वल्पविराम तपासत बसले. नवऱ्याने एकदा खोलीत डोकावून विचारलं, "अजून पेपर लिहितेयस?" म्हटलं, "पेपर मार्चमध्येच झाला लिहून. आता त्याच्या शेपटाचं चाललंय."

पेपर, म्हणजे शोधनिबंध, गेंदावर आहे. कासला पावसाळ्यात गेला असाल तर पाहिलाच असेल. ओल्या कातळावर कुणी पांढऱ्या टाचण्या टोचून ठेवल्यात असं वाटतं, तोच तो. शास्त्रीय नाव एरिओकॉलॉन. यातली एक जात पाटण तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मला सापडली. जात कोणती ते निबंध छापून येईपर्यंत सांगणार नाही. सात पावसाळे हिंडले, जळवांना रक्त दिलं, दोन छत्र्या वाऱ्यावर सोडल्या. या सगळ्याची पानं झाली नऊ. संदर्भसूची साडेचार पानं.

आधी एका जर्नलकडे पाठवला. तिथे आकड्यांची पद्धत होती. मजकुरात जिथे कुणाचा आधार घ्याल तिथे चौकटी कंसात आकडा, आणि शेवटी त्याच क्रमाने यादी. पहिला उल्लेख ज्याचा, तो एक नंबर. या घराण्याचं नाव व्हँकुव्हर. १९७८ साली वैद्यकीय जर्नलांचे काही संपादक कॅनडातल्या त्या शहरात जमले आणि निबंध कसे पाठवावेत याचे सामायिक नियम त्यांनी ठरवले, त्यावरून हे नाव पडलं. नियम डॉक्टरांचे, त्यामुळे सगळं काटकसरीचं. आद्याक्षरांनंतर टिंब नाही, सहाच्या पुढे लेखक असतील तर पहिले सहा लिहून 'एट अल.' म्हणजे 'आणि इतर', आणि पानं २८४ ते २८७ असतील तर लिहायचं २८४-७. जर्नलचं नावही आखूड करायचं, पण मनाला येईल तसं नाही. त्याला आयएसओ-४ नावाचं प्रमाण आहे आणि कुठल्या शब्दाचं काय रूप करायचं याची यादी आहे. 'जर्नल ऑफ द बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'चं होतं 'जे. बॉम्बे नॅट. हिस्ट. सोस.'. 'ऑफ द' गळून पडतं. पण एका शब्दाचं नाव असेल तर त्याला हात लावायचा नाही: 'टॅक्सॉन' टॅक्सॉनच राहतं, 'नेचर' नेचरच.

मी हे सगळं हाताने केलं. आमची पिढी तशीच शिकली. सर म्हणायचे, कार्डं करा. तेव्हा आम्ही खरोखर पोस्टकार्डाएवढी जाड कागदाची कार्डं करायचो आणि बुटाच्या खोक्यात उभी लावायचो. पण आकड्यांच्या पद्धतीत हाताने काम करणं म्हणजे रांगेत मध्येच पाहुणा घुसणं. दुसऱ्या परिच्छेदात एक संदर्भ वाढवला की त्याच्यामागचे साठच्या साठ आकडे एकेकाने सरकतात, मजकुरातही आणि यादीतही. दोनदा मी एकोणिसाचा वीस करायला विसरले, आणि माझ्या मजकुरानुसार मातीचं विश्लेषण परागकणांवरच्या एका निबंधात सापडलं.

तिसऱ्या रात्री पाठवला. चौथ्या दिवशी मेल: संदर्भ जर्नलच्या शैलीनुसार नाहीत, दुरुस्त करून पुन्हा सादर करा. कुठे चुकलंय ते नाही लिहिलं. दोन दिवस शोधल्यावर कळलं की डीओआय (निबंधाचा इंटरनेटवरचा कायमचा ओळख क्रमांक) मी 'डीओआय' लिहून, विसर्गचिन्ह देऊन, पुढे आकडा असा दिला होता, आणि त्यांना पूर्ण दुवा हवा होता. शिवाय पानांच्या आकड्यांमध्ये साधी आडवी रेघ होती, त्यांना किंचित लांब हवी होती. इतकी किंचित, की मला चष्म्याशिवाय दोन्ही सारख्याच दिसतात. केलं. पाठवलं. चार महिन्यांनी उत्तर आलं, विषय आमच्या कक्षेत बसत नाही.

कक्षेत बसत नाही हे कळायला रेघेची लांबी मोजावी लागत नाही. पण असो.

दुसरं जर्नल लेखक-वर्षवालं. इथे आकडे नाहीत. कंसात लेखकाचं आडनाव आणि साल, शेवटी आडनावांच्या अकारविल्हे यादी. आम्हा वनस्पतीवाल्यांना हीच सवय आहे. हिला हार्वर्ड म्हणतात, आणि तिचा उगम हार्वर्डच्या एडवर्ड लॉरेन्स मार्क या प्राणिशास्त्रज्ञाच्या १८८१ सालच्या निबंधात सांगतात. निबंध होता एका बिनशंखाच्या गोगलगाईच्या अंड्यांवर. चिकट वाटेवरून हळू सरकणारं काम गोगलगाईपासूनच निघालं, यात मला नवल वाटलं नाही.

तर आता त्रेसष्टच्या त्रेसष्ट उलटे करायचे होते. तेव्हा आमच्या विभागातला एम.एस्सी.चा एक मुलगा प्रॅक्टिकलचं जर्नल सहीला घेऊन आला होता. त्याने माझ्या स्क्रीनकडे असं पाहिलं, जसं आपण पाट्यावर वाटण करणाऱ्या आजीकडे पाहतो. "मॅडम, झोटेरो नाही वापरत?"

नाव ऐकून होते. २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातून निघालेलं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. संदर्भ एकदाच भरायचे. मग शैली बदलली की मजकुरातले कंस आणि शेवटची यादी आपोआप बदलते. अशा तयार शैली दहा हजारांच्या वर आहेत. दहा हजार! एवढीशी गोष्ट सांगायला (कुणी, कधी, कुठे, कितव्या पानावर) माणसाने दहा हजार तऱ्हा काढल्या, म्हणजे आपल्याकडच्या आमटीच्या वरताण झालं.

मुलाने शिकवलं. वर एक जादूच्या कांडीचं चित्र असतं, त्यावर टिचकी मारायची, डीओआयचा आकडा टाकायचा, की लेखक, साल, शीर्षक, खंड, पानं सगळं आपसूक येऊन बसतं. नवीन निबंध भराभर आले. मी हरखले. मग बारकाईने पाहिलं. काही शीर्षकं सगळी मोठ्या लिपीत, आरडाओरडा केल्यासारखी. वनस्पतींची नावं तिरपी असायला हवीत, ती सरळ. आणि यादीत 'इंडिया बी. एस. ओ.' नावाचे एक गृहस्थ. कोण हे? पाच मिनिटांनी ओळख पटली. बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया! सॉफ्टवेअरने शेवटच्या शब्दाला आडनाव समजून बाकीच्यांची आद्याक्षरं केली होती. संस्थेचं नाव एकाच रकान्यात भरायचं असतं, त्यासाठी शेजारी एक बारीक बटण आहे, ते दाबायचं. दाबलं. आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की आता पुढे काय येणार आहे.

माझा स्वतःचा २००९ सालचा निबंध मला या सूचीत द्यावाच लागतो. त्याच परिसरातल्या गेंदांचं काम आहे. कांडी फिरवली. आले: 'दत्तात्रय के. एस., २००९'.

दत्तात्रय हे माझ्या वडिलांचं नाव.

आपल्याकडे दहावीच्या मार्कलिस्टपासून पदवीच्या कागदापर्यंत नाव लिहायची रीत ठरलेली आहे: आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पीएच.डी.च्या नोंदणीत तसंच होतं, म्हणून पहिला निबंध पाठवताना मीही तसंच लिहिलं. जर्नलवाल्यांचा हिशेब सोपा, शेवटचा शब्द तो आडनाव. प्रूफ आलं तेव्हा अठ्ठेचाळीस तासांत उत्तर द्यायचं होतं. मी कराडच्या स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत बसून दोन तक्ते आणि एक नकाशा डोळ्यांत तेल घालून तपासला, आणि स्वतःचं नाव तपासलं नाही. आपलं नाव काय तपासायचं? छापून आल्यावर लिहिलं त्यांना. उत्तर आलं की प्रूफ लेखिकेने मान्य केलं होतं. खरंच होतं ते.

त्यानंतर लग्न झालं. आपल्या रीतीत लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं आणि मधलं नावही बदलतं, वडील जाऊन नवरा येतो. म्हणजे माझे पुढचे निबंध तिसऱ्याच माणसाचे दिसतात. संशोधकांना ऑर्किड म्हणून सोळा आकडी ओळख क्रमांक मिळतो, २०१२ पासून. तो मी घेतला आणि सगळे निबंध एका छताखाली आणले. (वनस्पतीवालीने ऑर्किड घेतलं हा विनोद विभागात सगळ्यांनी करून झालाय.) पण लोक संदर्भ देताना ऑर्किड बघत नाहीत. ते छापलेलं नाव उचलतात. त्यामुळे आजवर अकरा निबंधांत माझ्या वडिलांचा आधार घेतला गेलाय.

आण्णा एसटीत कंडक्टर होते. शिक्षण सातवी. रात्री ड्यूटी संपवून आले की स्वयंपाकघराच्या दिव्याखाली वेबिल पुन्हा बघायचे: कुठल्या टप्प्याला कुठल्या दराचं तिकीट कितव्या नंबरपासून कितव्या नंबरपर्यंत गेलं. नंबर आणि पैसे जुळले नाहीत तर तूट पगारातून. आकडा चुकला तर त्यावर गिरवायचं नाही, खोडरबर तर नाहीच. आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, आणि सही. त्यांना निबंधाची गोष्ट सांगितली तेव्हा ते आधी हसले. मग म्हणाले, "तुमच्यात रेघ मारून शेजारी सही नाही करत?" करतात की. त्याला कॉरिजेंडम म्हणतात. पण ते करायला तयार कोण होतं!

मग मी त्यांना भुताच्या संदर्भाची गोष्ट सांगितली असती. पण ती उजेडात आली तोवर ते गेले होते. एल्सव्हिअर या प्रकाशनाच्या लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये संदर्भ कसा लिहावा याचा नमुना म्हणून एक निबंध दिलेला असायचा: व्हॅन डर गीअर आणि आणखी दोघं, साल २०००, विषय शास्त्रीय लेख लिहिण्याची कला. असा निबंधच नाही आणि ते जर्नलही नाही. नुसता नमुना. पण लोकांनी तो साच्यासकट उचलला, पुसायला विसरले, आणि जवळजवळ चारशे निबंधांच्या सूचीत तो छापून आला. हे २०१७ मध्ये ॲन-विल हार्झिंग या संशोधिकेने मांडलं. जन्मालाच न आलेल्या माणसाला चारशे. आण्णा निदान होते तरी.

हसू येतं, पण मला या बाबतीत फार हसायचा अधिकार नाही. सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी २००३ च्या सुमारास संदर्भांतल्या छपाईच्या चुका मोजल्या होत्या. एका गाजलेल्या भौतिकी निबंधाच्या चार हजारांवर उल्लेखांत १९६ चुकीचे सापडले, आणि त्यांतले ७८ हुबेहूब एकाच चुकीचे होते, तोच पानाचा चुकलेला आकडा. अठ्ठ्याहत्तर माणसं स्वतंत्रपणे एकच चूक करत नाहीत. एकमेकांच्या सूचीतून उचलतात. मूळ निबंध उघडत नाहीत.

मीही नव्हता उघडला. जुन्या कामांना बहुधा डीओआय नसतो, कांडी तिथे चालत नाही. हाताने भरावं लागतं. डाल्झेल हा मुंबई इलाख्यातला जंगल खात्याचा अधिकारी. कोकण आणि घाटातल्या कितीतरी वनस्पतींची पहिली वर्णनं त्याने १८५० च्या आसपास लंडनच्या 'हूकर्स जर्नल ऑफ बॉटनी अँड क्यू गार्डन मिसलेनी'त छापली. त्यातल्या एका वर्णनाचं पान मी थिसिसमधून जसंच्या तसं घेतलं होतं. थिसिसमध्ये ते सरांच्या कार्डावरून आलं होतं. सरांच्या कार्डावर कुठून आलं ते आता विचारता येत नाही. या दिवाळीत, भरायचंच आहे तर बघून भरू म्हणून बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीतलं स्कॅन उघडलं. त्या पानावर दुसरीच वनस्पती होती. आमचा गेंद तीन पानं पुढे. म्हणजे पंधरा वर्षं मी चुकीच्या नंबरचं तिकीट फाडत होते.

त्यानंतर मी सगळे जुने संदर्भ उघडले. त्यातच दोन दिवस गेले. तेच सुट्टीतले सगळ्यात चांगले दोन दिवस.

कुकसाहेबांची गंमत तेव्हाच सापडली. थिओडोर कुक, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे, तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, प्राचार्य. त्यांचा 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने निघाला. आमच्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत मूळ प्रत क्वचित. असते ती बोटॅनिकल सर्व्हेने १९५८ मध्ये काढलेली पुनर्मुद्रित आवृत्ती. म्हणून पोरं लिहितात 'कुक, १९५८'. मीही एका निबंधात लिहिलंय. कुकसाहेब १९१० साली वारले. मूळ साल द्यायचं आणि पुनर्मुद्रणाचं कंसात, एवढंच करायचं असतं. पण झोटेरोत सालाचा रकाना एकच. म्हणून पुनर्मुद्रणाचं साल मी 'जादा' नावाच्या रकान्यात कोंबलं आणि अंतिम यादीत हाताने ओढून जागेवर आणलं. दहा हजार शैली असल्या तरी शेवटचा हात माणसाचाच.

आणि आमच्या शास्त्रात तर नुसत्या वनस्पतीच्या नावामागेही माणसं चिकटलेली असतात. गेंदाच्या नावानंतर ते नाव देणाऱ्याचं नाव, ठरलेल्या संक्षिप्त रूपात. लिनियसचं नुसतं 'एल.'. विल्यम हूकर म्हणजे 'हुक.'. आणि ज्याने सात खंडांत १८७२ ते १८९७ 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया' केला तो त्याचा मुलगा जोसेफ, 'हुक.एफ.'. हे 'एफ' म्हणजे लॅटिन फिलियस, मुलगा. केवढा मोठा माणूस, लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाचा संचालक, डार्विनचा मित्र, पण जगभरच्या हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहांतल्या, चिठ्ठ्यांवर अजून बापाच्या नावापुढे 'चिरंजीव' म्हणून उभा. वर्गात मी हे सांगते तेव्हा मुलं हसतात. मग म्हणते, तुमच्या मार्कलिस्टवर काय आहे ते बघा.

तर आण्णा. झोटेरोत नाव दुरुस्त करणं म्हणजे दोन सेकंदांचं काम. तो एम.एस्सी.चा मुलगा म्हणालाही, "बदलून टाका की मॅडम, तुमचाच तर पेपर आहे. कोण बघतंय?" पण नियम असा की संदर्भ छापलाय तसा द्यायचा. मी माझ्या सोयीने नाव सुधारलं तर ते शोधणाऱ्याला सापडणार नाही. मूळ कागदावर त्या नावाची बाई नाहीच. बाकीच्या बासष्टांना जो नियम लावला तो या एकाला मोडायचा, हे काही जमेना.

पहिल्या जर्नलच्या आकड्यांच्या यादीत आण्णा एक्केचाळीस नंबरवर होते, एका बुरशीवरच्या आणि एका संख्याशास्त्राच्या निबंधाच्या मध्ये. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. नव्या यादीत अकारविल्हे लावल्यावर ते वर आले. कुक. मग डाल्झेल. मग डाल्झेल आणि गिब्सन, १८६१, त्यांचा तो 'बॉम्बे फ्लोरा'. आणि त्याच्या लगेच खाली, एवढ्याच समासात, एवढ्याच आकाराच्या अक्षरांत: दत्तात्रय के. एस. पाटण मार्गावर वीस वर्षं ड्यूटी केली त्यांनी. ज्या सड्यावर मी सात पावसाळे हिंडले, त्याच्या पायथ्याच्या थांब्यावर किती जण चढले आणि किती उतरले हे त्यांच्या वेबिलात असणार.

निबंध स्वीकारला गेला. गेल्या आठवड्यात प्रूफ आलं, आणि या वेळी मी पहिल्यांदा स्वतःचं नाव बघितलं, नंतर नकाशा. समासात प्रूफ पाहणाऱ्याचे सहा प्रश्न होते. पाच साधे होते, एका खंडाचा अंक, एक तिरपं नाव, असेच. सहावा प्रश्न सूचीतल्या पंधराव्या नोंदीला लावलेला: दत्तात्रय हे आडनाव आहे ना, कृपया लेखकाचं नाव तपासून खात्री करावी.

मी लिहिलं: तपासलं. छापल्याप्रमाणे बरोबर आहे. बदलू नये.